नारू, नस आणि न्यूरॉन

नारू हा शब्द ऐकून आज पन्नाशीच्या आतलं कुणी दचकत नाही. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं की वर्षभरानं पायावर फोड उठायचा आणि फोड फुटला की आतून पांढऱ्या सुतासारखा जंत डोकावायचा. तो हिसडून ओढायचा नाही. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने आडवा. काडीला गुंडाळत, रोज दोन बोटं, असा धीरानं बाहेर काढायचा. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर झालं. रोग गेला, शब्द कोशात उरला. कोशात मात्र त्याचे भाऊबंद भलत्याच मोठ्या घराण्यातले निघतात.

जुन्या वैद्यकग्रंथांत या रोगाला स्नायुक म्हटलं आहे. जंत स्नायूसारखा दिसतो, म्हणून स्नायुक. संस्कृत स्नायूचं पालीत नहारु झालं, प्राकृतात ण्हारु, आणि तिथून घसरत आपल्या पायात शिरला तो नारू. वेदांत याच कुळातला स्नावन् आहे, अवेस्तात त्याचा जुळा भाऊ आहे. ग्रीकमध्ये आरंभीचा स गळून न्यूरॉन झालं, लॅटिनमध्ये र आणि व यांनी जागा बदलून नर्वुस. या सगळ्या शब्दांचा जुना अर्थ एकच : जनावराच्या अंगातून काढलेली चिवट वादी, जिच्यानं बांधता येतं आणि जी ताणता येते. धनुष्याची दोरी तिचीच, वाद्याची तार तिचीच. नारू आणि न्यूरॉन असे सख्खे चुलत आहेत. दिसण्यातही फार फरक नाही. नारूची मादी मीटरभर लांब होई, आणि कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा एका चेतापेशीचा तंतू धिप्पाड माणसात साधारण तेवढाच भरतो.

मग आपली रोजची नस? ‘नस दबलीय’, ‘मानेची नस आखडली’ असं आपण बिनदिक्कत बोलतो आणि रक्त काढायला आलेल्या माणसालाही नसच शोधायला सांगतो. कोशकार या शब्दाचं मूळ संस्कृत स्नसा या शब्दात पाहतात. स्नसा म्हणजेही स्नायू, वादी. म्हणजे अस्थिरोगतज्ज्ञाच्या दाराशी बाकड्यावर बसून ‘नस’ म्हणणारा माणूस आणि आत भिंतीवरच्या तक्त्यात छापलेला न्यूरॉन एकाच घरचे. शिकलेल्यांनी नस या शब्दाला उगाच गावंढळ ठरवलं आहे.

ग्रीकांचा न्यूरॉन मज्जातंतूकडे कसा गेला, हीही गंमत आहे. मांस सोलल्यावर पांढरं, चिवट, दोरीसारखं जे जे दिसे त्याला एकच नाव होतं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलस आणि इरॅसिस्ट्रेटस यांनी प्रेतं फाडून पाहिली, तेव्हा कळलं की यातल्या काही दोऱ्या हाडाला मांस बांधतात आणि काही मेंदूकडे जातात. गोष्टी दोन झाल्या, नाव जुनंच राहिलं. पुढे १८९१ साली बर्लिनच्या विल्हेल्म वाल्डायरनं ‘न्यूरॉन’ हा शब्द तंतूवरून उचलून एका पेशीवर बसवला. ती पेशी सुटी, स्वतंत्र असते हे सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं होतं स्पेनच्या सांतियागो रामॉन इ काहालनं. वाल्डायरनं इतरांचं काम एकत्र मांडलं आणि नाव ठेवलं. बारसं करण्यात त्याचा हातखंडाच होता, ‘क्रोमोसोम’ हा शब्दही त्याचाच, १८८८ सालचा. तिकडे इंग्रजीत ‘नर्व्हस’ म्हणजे एकेकाळी पीळदार, बळकट. आज नर्व्हस म्हणजे घाबरलेला. शब्दांचेही स्नायू सैल पडतात.

पडतात म्हणण्यापेक्षा सरकतात, आणि मराठीत तर फारच सरकले. सुश्रुतानं शरीराची मोजदाद केली तेव्हा नऊशे स्नायू आणि पाचशे पेशी सांगितल्या. त्याचा स्नायू म्हणजे बंध. फळ्या दोरांनी नीट आवळल्या की नाव ओझं पेलते, तसं शरीर स्नायूंनी बांधलेलं आहे, असं तो समजावून सांगतो. आणि त्याची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आजच्या भाषेत मसल. आपण काय केलं? स्नायू मसलला दिला. मग मोकळी झालेली पेशी उचलून सेलला दिली. हिंदीनं मांसपेशी जागेवर ठेवली आणि सेलसाठी कोशिका घडवली. बंगालीनं स्नायू थेट नर्व्हला दिला, इतका की बंगालीत शीतयुद्धाला स्नायुयुद्ध म्हणतात. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दानं रशिया-अमेरिका येणार नाहीत, आखाडा येईल. आपल्याकडेही एकमत होतं असं नाही. मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत नोंद ‘कोशिका’ या नावानं आहे, मज्जासंस्थेची ‘तंत्रिका तंत्र’ या नावानं. शाळेच्या पुस्तकांनी पेशी आणि चेतापेशी रुजवल्या आणि शाळाच जिंकली.

या पेशीचा आणखी एक जुना अर्थ आहे, आणि आजच्या प्रयोगशाळांना तो अंगावर काटा आणील इतका जवळचा आहे. गर्भ पोटात कसा घडतो याच्या पायऱ्या बौद्ध ग्रंथांत दिल्या आहेत : आधी कलल, मग अर्बुद, मग पेशी, मग घन, मग फांद्या फुटाव्यात तसे अवयव. आयुर्वेदातही दुसऱ्या महिन्याचा गर्भ पिंड, पेशी किंवा अर्बुद अशा आकारांचा सांगितला आहे. म्हणजे पेशी हे एकेकाळी वाढत्या गर्भाच्या एका अवस्थेचं नाव होतं आणि तिच्या शेजारच्या अवस्थेचं नाव होतं अर्बुद. आज मराठी वैद्यकात अर्बुद म्हणजे गाठ, ट्यूमर. गर्भावस्थेतल्या पेशी घ्याव्यात, त्यांच्यापासून चेतापेशी वाढवाव्यात आणि जखमी कण्यात सोडाव्यात, असा आजचा बेत आहे. त्यातली सगळ्यात मोठी धास्ती कोणती? त्या पेशींनी वाट सोडून अर्बुद होऊ नये, ही. शेजार जुना आहे. (न्यायालयातली पेशी वेगळी, ती फारसी ‘पेश’ची. पेशवे त्या घरचे.)

आता स्टेम सेल. हा शब्द जन्मला जर्मनीत आणि जन्मला तेव्हा त्याचा वैद्यकाशी काही संबंध नव्हता. येना विद्यापीठातला एर्न्स्ट हेकेल डार्विनचा कट्टर भक्त. सगळ्या जीवसृष्टीचे वंशवृक्ष काढण्याचा त्याला नाद होता. जर्मनमध्ये वंशवृक्षाला श्टामबाउम म्हणतात. श्टाम म्हणजे झाडाचं खोड, आणि श्टाम म्हणजे कूळ, टोळी, वंशही. ज्या एकपेशीय पूर्वजापासून सगळे बहुपेशीय जीव निघाले त्याला हेकेलनं १८६८ साली श्टामत्सेले म्हटलं, कुळाची मूळपुरुष पेशी. काही वर्षांनी त्यानं हाच शब्द फलित बीजांडालाही लावला, कारण त्यातून एक अख्खं शरीर निघतं. पुढे भ्रूणाचा आणि रक्ताचा अभ्यास करणाऱ्यांनी शब्द उचलला, इंग्रजीत त्याचं ‘स्टेम’ झालं, आणि वंशावळीच्या वहीतला शब्द हाडांच्या पोकळीत येऊन बसला. १९६० च्या दशकाच्या आरंभी टोरांटोत टिल आणि मॅक्युलक यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अस्थिमज्जेतली एक पेशी स्वतःसारख्या पेशीही बनवते आणि वेगवेगळ्या रक्तपेशीही. तोवर स्टेम सेल हा बराचसा तर्क होता.

जपानी भाषेनं खोड खोडच ठेवलं. तिकडचा शब्द कानसाइबो, त्यातलं कान म्हणजे झाडाचा बुंधा. मराठीत कुणी स्कंधपेशी लिहून पाहिलं, ते टिकलं नाही. आता मूळपेशी किंवा मूलपेशी. दहावीच्या पुस्तकात मूलपेशी आहे. शब्द तत्सम, शुद्ध, पण मराठी कानाला मूल म्हणजे लेकरू. नाळेतलं रक्त साठवून ठेवण्याच्या जाहिराती पाहणाऱ्या आईवडिलांना मूलपेशी म्हणजे मुलाच्या पेशी वाटल्या तर त्यात त्यांची चूक काय? मला विचाराल तर खोडपेशी हा शब्द नुसता सरळ अनुवाद म्हणून नव्हे, दुहेरी अर्थासाठीही शोभला असता. या पेशींना खोड आहेच. वाटेल ते होण्याची खोड. तीच त्यांची किंमत आणि तीच त्यांची भीती.

२००६ साली क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी ती खोड लावण्याची युक्ती सापडल्याचं दाखवलं. उंदराच्या त्वचेच्या पेशीत चार जनुकं घातली आणि ती पेशी मागे जात जात गर्भावस्थेतल्यासारखी झाली. २००७ साली माणसाच्या पेशींवर तेच जमलं, २०१२ साली नोबेल मिळालं. आयपीएस हे या पेशींचं नाव, आणि त्यातला ‘आय’ त्यांनी मुद्दाम बारीक अक्षरात लिहिला, त्या काळी जगभर गाजत असलेल्या आयपॉडच्या धर्तीवर. वंशवृक्षातून निघालेला शब्द दीडशे वर्षांत गाण्याच्या डबीपर्यंत आला.

या पेशी जिथे पोचवायच्या त्या जागेच्या नावांनी तर कहरच केला आहे. पाठीचा कणा, मेरुदंड, मणके, मेरुरज्जू, मज्जारज्जू. मणका म्हणजे मुळात मणी. हिंदीत आजही मनका म्हणजे जपमाळेतला मणी. त्याच माळेच्या शेंड्याला जो मोठा मणी असतो, जप करताना जो ओलांडायचा नसतो, तो मेरुमणी. म्हणजे आपल्या पूर्वजांनी पाठीकडे पाहिलं आणि त्यांना जपमाळ दिसली : मणकेही, मेरूही आणि आतून ओवलेली रज्जूही. चित्र सुरेख आहे, पण उलटं आहे. माळेत दोरा मण्यांना धरतो. पाठीत मणी दोऱ्याला सांभाळतात. तेहतीस मणक्यांना बांधून ठेवतात ते सुश्रुताच्या अर्थाचे स्नायू, म्हणजे बंध. आतली रज्जू करंगळीएवढी जाड, सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपणारी आणि हाताला मऊ लागणारी. तिच्यावर काहीही ओवता येणार नाही. मणका निखळला की तो तिलाच चिरडतो.

तिला मज्जा का म्हणायचं? कारण सगळ्यांनीच म्हटलं. लॅटिन मेडुला स्पिनालिस म्हणजे कण्यातली मज्जा. जर्मन रुकेनमार्क म्हणजे पाठीची मज्जा, फ्रेंच शब्दही तसाच, जपानी सेकिझुई म्हणजेही कण्यातला मगज. हाडाच्या पोकळीत पांढरं, मऊ काही सापडलं की ते मज्जाच, असा जगभरचा खाटकाच्या दुकानातला न्याय. आयुर्वेदातली मज्जा मात्र सात धातूंपैकी सहावी, हाडांतली. मराठीनं दोन्ही ठेवल्या : अस्थिमज्जा रक्त बनवते, मज्जासंस्था संदेश वाहते, आणि दोघींचा परस्परांशी काही संबंध नाही.

शब्दाचा हा गुंता निरुपद्रवी नाही. कंबरेतून मज्जा काढून ती पाठीत सोडायची, म्हणजे मूळपेशींनी मज्जारज्जू दुरुस्त होईल, असं सांगणारे दवाखाने देशात निघाले. ऐकणाऱ्याला ते पटतंही, कारण मज्जेतलं मज्जेत जातंय. भाषाच दलाली करते. अस्थिमज्जेतल्या पेशींना रक्त बनवायचं माहीत असतं. त्या चेतापेशी होऊन पायापर्यंत तंतू धाडतील याला त्या नावापलीकडे आधार फार थोडा. ‘चेतापेशी’ आणि ‘मेरुरज्जू’ हे पाठ्यपुस्तकातले शब्द मला पूर्वी कोरडे वाटत. आता वाटतं, या एका कारणासाठी तरी ते वर्तमानपत्रांनी उचलावेत.

दोरीच्या प्रतिमेनंही आपल्याला असंच फसवलं. न्यूरॉन दोरी, नस दोरी, तंतू दोरी, तंत्रिकेतलं तंत्रही मागावरचा ताणाच, रज्जू तर दोरखंड. तुटलेली दोरी गाठ मारून जोडता येते. मज्जारज्जू जोडता येत नाही, हे इजिप्तच्या वैद्यांना साडेतीन हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. एडविन स्मिथ पपायरस नावाच्या गुंडाळीत रोग्यांची तीन गटांत विभागणी आहे : ज्यांच्यावर इलाज करीन, ज्यांच्याशी झुंजून पाहीन, आणि ज्यांना हात लावायचा नाही. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेला, लघवीवर ताबा नसलेला माणूस तिसऱ्या गटात टाकला आहे. काहालही म्हातारपणी याच निष्कर्षाला आला होता. मात्र १९८१ साली मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा मेरुरज्जूला जोडून पाहिला आणि जे तंतू कधी वाढत नाहीत असं मानलं जाई, ते त्या तुकड्यातून वाढत गेले. बाधा तंतूत नव्हती, जमिनीत होती. इजा झाल्यावर तिथे व्रण धरतो आणि आसपासची द्रव्यं नव्या अंकुराला अडवतात. त्या व्रणातल्या पेशींना ग्लिया म्हणतात. ग्रीकमध्ये ग्लिया म्हणजे सरस, चिकटवायचा. इथे चिकटवणाराच आडवा येतो.

तेव्हापासून या शास्त्राची बोली बदलली. बांधणं, शिवणं, जोडणं मागे पडलं. रोपण, अंकुर, वाढ, फांद्या हे शब्द पुढे आले. दोरीची भाषा गेली आणि झाडाची आली. डेंड्राइट म्हणजे झाडासारखी, आपली वृक्षिका, ही तर एकोणिसाव्या शतकापासून तिथे होतीच. प्रत्यारोपणात रोप आहे. जपानी इशोकुमधलं शोकू म्हणजेही लावणी. इंग्रजी ग्राफ्ट बागेतूनच आलेला, आणि बागेत तो आला लेखणीतून : ग्रीकमध्ये ग्राफिऑन म्हणजे मेणपाटीवर लिहायची टोकदार कांडी, फांदी तशी टोकदार तासून खुंटात खुपसायची, म्हणून ग्राफ्ट. मराठीनं तर हुबेहूब तेच केलं, स्वतंत्रपणे. कलम म्हणजे लेखणी, अरबी-फारसीतून आलेली. त्या अरबी कलमचं मूळ ग्रीक कालामोस, बोरू. बोरू तासतात तशी फांदी तासली, की हापूसचं कलम. रत्नागिरीच्या बागाईतदाराला मेरुरज्जूतलं ग्राफ्ट समजावून सांगायला वेगळा शब्द लागणार नाही. खुंट कोणता आणि डोळा कोणाचा, एवढंच तो विचारील.

आणि तोच खरा प्रश्न आहे. सॅन दिएगोत मार्क टुझिन्स्की आणि पॉल लू यांनी २०१४ साली एका शहाऐंशी वर्षांच्या निरोगी गृहस्थाच्या त्वचेपासून यामानाकांच्या रीतीनं मूळपेशी बनवल्या, त्यांच्यापासून चेतापेशींच्या पूर्वज पेशी केल्या आणि मेरुरज्जूला इजा झालेल्या उंदरांत लावल्या. तीन महिन्यांत त्यांतून हजारो तंतू निघाले आणि उंदराच्या मेंदूपर्यंत व शेपटीकडे पसरले. शहाऐंशी वर्षांच्या कातडीतून! उंदीर मात्र चालले नाहीत. कलम धरलं, फळ आलं नाही. तंतू वाढणं एक आणि त्यांनी नेमक्या जागी, नेमक्या पेशीशी संधान बांधणं दुसरं.

मेंदूपासून मेरुरज्जूत खालपर्यंत जाणारा मूळ तंतू परत वाढवावा, असा आज बहुतेकांचा बेत नाहीच. लावलेली चेतापेशी मध्ये बसेल, वरून तुटका तंतू तिच्यापर्यंत येईल, तिचा स्वतःचा तंतू खालच्या पेशीपर्यंत जाईल आणि निरोप असा टप्प्यानं पोचेल. इंग्रजीत याला रिले म्हणतात. मराठीला रिले उसना घ्यायची गरज नव्हती. डाक या शब्दाचा जुना अर्थ नेमका हाच होता : ठरावीक अंतरावर चौक्या, प्रत्येक चौकीवर ताजा जासूद किंवा ताजा घोडा, थैली एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. मधली एक चौकी उद्ध्वस्त झाली तर अख्खा रस्ता नव्यानं बांधत नाहीत, तिथे माणूस बसवतात. डाक म्हणजे पत्र हा अर्थ नंतरचा.

माणसांत हे कुठवर आलं आहे? २०१० साली अमेरिकेत अटलांटाला गर्भपेशींपासून बनवलेल्या पेशी पहिल्यांदा कण्याची इजा झालेल्या माणसाला दिल्या गेल्या. त्या चेतापेशी नव्हत्या, तंतूंवरचं वेष्टण बनवणाऱ्या होत्या. ती चाचणी करणाऱ्या जेरॉन कंपनीनं वर्षभरानं पैशांच्या कारणावरून हात आखडता घेतला. यामानाकांच्या रीतीनं बनवलेल्या, चेतापेशींच्या पूर्वज पेशींचा प्रयोग झाला तोक्योत, केओ विद्यापीठात. हिदेयुकी ओकानो आणि मासाया नाकामुरा यांच्या गटाला २०१९ साली परवानगी मिळाली, मध्ये करोना आला, आणि पहिलं रोपण डिसेंबर २०२१ मध्ये झालं. इजा होऊन चौदा ते अठ्ठावीस दिवसांच्या आत, प्रत्येकी वीस लाख पेशी, एकूण चार जण. आधी फार लवकर, कारण जखम धगधगती असते. नंतर उशीर, कारण व्रण धरतो. रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेपासून पेशी तयार करायला महिने लागतात, म्हणून क्योतोच्या साठ्यातल्या परक्या पेशी घेतल्या आणि शरीरानं त्या नाकारू नयेत म्हणून औषधं दिली. अर्बुदाची धास्ती होतीच, तेव्हा पेशींना आधीच एका औषधातून काढून चेतापेशी होण्याच्या वाटेवर ढकललं होतं.

जपानीत मज्जातंतूला शिंकेई म्हणतात. हा शब्द १७७४ सालचा. एदोच्या सुगिता गेन्पाकू आणि त्याच्या मित्रांनी डच भाषेतलं शरीररचनेचं पुस्तक जपानीत आणलं, तेव्हा नर्व्हला शब्दच नव्हता. त्यांनी चैतन्य आणि वाहिनी या अर्थांची दोन अक्षरं जोडली. आपल्या परिभाषाकारांनी चेता घेतली ती जवळजवळ त्याच विचारानं. दोरी सोडून चैतन्य धरलं. एरवी समित्यांनी घडवलेल्या शब्दांची थट्टा करण्यात आपण पटाईत, पण चेतापेशी हा शब्द घडवणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. त्याची खरी खुमारी पुढे कळते. चेता ज्या चित् धातूची, त्याच धातूचं इच्छार्थक रूप म्हणजे चिकित्सा. जाणून घेण्याची इच्छा. ती आधी काळजी घेणं झाली, मग औषधोपचार. मराठीत तिनं एक पाऊल मूळ अर्थाकडे मागे टाकलं : चिकित्सक माणूस म्हणजे सहज न पटणारा, खोदून विचारणारा.

उपचार या शब्दाची वाट नेमकी उलटी. उपचार म्हणजे सेवा, आदरसत्कार. पूजेचे सोळा उपचार. तिथून तो आजाऱ्याच्या शुश्रूषेवर आला आणि तिथून ‘उपचार म्हणून’ बोलावणं, औपचारिक भाषण, म्हणजे आतून काही नसलेलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला हा फरक कळला असावा. तिच्या २००७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात मूळपेशींचं संशोधन आणि उपचार असे दोन्ही शब्द होते. २०१३ साली नवी तत्त्वं आली तेव्हा नावातून उपचार हा शब्द काढून टाकला, मुद्दाम, कारण रक्ताच्या काही रोगांपलीकडे या पेशींचा प्रमाण मानावा असा उपचारच नव्हता. २०१७ सालच्या आवृत्तीतही तो परतला नाही. सरकारी कागदावरून एक शब्द काढला जातो आणि त्याला इतका अर्थ असतो, असं क्वचित घडतं. जाहिरातींच्या फलकांवर तो अजून ठळक अक्षरांत आहे.

केओचे निकाल मार्च २०२५ मध्ये जाहीर झाले. चौघांनाही पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही आणि चाचणीचा पहिला हेतू तोच होता. एक जण आधाराशिवाय उभा राहू लागला आणि चालण्याचा सराव करू लागला. एकाला स्वतःच्या हातानं जेवता येऊ लागलं. दोघांत विशेष फरक पडला नाही. पेशी न दिलेला तुलनेचा गट नव्हता, आणि इजेनंतरच्या पहिल्या महिन्यांत काही जण आपोआपही सुधारतात, त्यामुळे श्रेय कुणाचं हे चार माणसांवरून ठरत नाही.

सुधारणा मोजायला जी श्रेणी वापरतात तिच्यात ए ते ई अशी पाच अक्षरं आहेत, आणि शाळेच्या उलट ए सगळ्यात वाईट. ए म्हणजे कम्प्लीट : मेरुरज्जूच्या अगदी शेवटच्या खंडाशी, गुदद्वाराभोवती, ना संवेदना ना हालचाल. बी, सी, डी या इनकम्प्लीट. कण्याच्या वॉर्डात नातेवाइकांच्या तोंडी हे दोनच शब्द असतात, ‘कम्प्लीट आहे की इनकम्प्लीट?’ आणि इनकम्प्लीट ऐकलं की चेहरे उजळतात. परिभाषेत याचं पूर्ण आणि अपूर्ण झालं आहे आणि ते मला मुळीच पटत नाही. मराठीत पूर्ण हा भरल्या कलशाचा शब्द, अपूर्ण म्हणजे काहीतरी राहून गेलेलं. सांगायचं असतं ते, काहीतरी वाचलं आहे. त्यासाठी आपल्याकडे शाबूत हा फार चांगला शब्द आहे. ‘अंशतः शाबूत’ असं केसपेपरवर लिहिलं तर निरक्षर आजीलाही वाचून दाखवता येईल. शाबूत अरबी, ठाम उभं राहणं या अर्थाच्या धातूचा, आणि न्यायालयातलं शाबीत त्याचाच भाऊ. केओच्या चौघांपैकी दोघांची श्रेणी ए ची ए च राहिली. एकाची सी झाली, एकाची डी. यातलं पेशींच्या नावावर किती मांडायचं हे अजून शाबीत व्हायचं आहे, आणि त्याला चारांहून पुष्कळ जास्त माणसं लागतील.